डोंगर तासून प्लॉटिंग : साडूभाऊ म्हणतेत घ्या, मला काय ठीक वाटंना

माळावरचा_पाटील
राम राम मंडळी. जरा लांबण लागंल, समजून घ्या.

शहरापासून (आमचं छत्रपती संभाजीनगर) पंधरा-वीस किलोमीटरवर एक डोंगर आहे, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण आजकाल काय टाकलं की कोण कुठं स्क्रीनशॉट पाठवील सांगता येत नाही. त्या डोंगराच्या कुशीत प्लॉटिंग पडलंय. आमच्या साडूभाऊनी एक घेतला, आता माझ्या मागं लागलेत की शेजारचा तुम्ही घ्या, दोघं मिळून आउट-हाऊस बांधू, व्ह्यू लै भारी आहे वगैरे. व्ह्यू भारी आहे यात वादच नाही. एप्रिलमधी बघायला गेलो तर डोंगर पोकलेननं तीन टप्प्यात कापलेला, जिन्यासारखा, आणि आमच्या प्लॉटच्या मागं सरळ उभी भिंत कापलेली, पंधरा फूट तरी असंल. एजंट म्हणला पक्का दगड आहे सायेब, सुरुंग लावला तरी हलणार नाही. मी ५१ हजार इसार देऊन आलो, घाई झाली हे कबूल.

परवा पाऊस उघडल्यावर सहज चक्कर मारली. त्या कापलेल्या भिंतीत मधोमध एक लाल पट्टा आहे वीतभर जाडीचा, त्या पट्ट्यातून पाणी ठिबकायलंय आणि खाली लाल चिखलाचा ढीग. वरचे दोन-तीन दगड पार बाहेर लोंबकळल्यासारखे दिसायलेत. साडूभाऊ म्हणतेत पावसाळ्यात एवढं चालायचंच.

विचारायचं एवढंच की हे असं चालतं का? काय नियम बियम आहे का? का मीच घाबरट आहे?

हजरजबाबी_जालनेकर
पाणी ठिबकायलंय म्हंजे बोअर मारायची गरज नाही, नळ फुकटात 😀 घेऊन टाका पाटील.

भूगोल_मास्तर
पाटील, तुम्ही घाबरट नाही. तुम्ही जो लाल पट्टा बघितला ना, त्याच्यावरच सगळं गणित आहे, म्हणून सविस्तर लिहितो. (वर्गात पोरं ऐकत नाहीत, निदान इथं तरी लिहू द्या.)

आपला सगळा मराठवाडा लाव्ह्याच्या थरांवर बसलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर सांडत गेले, दोशावर दोसा टाकल्यासारखे. प्रत्येक थराचा मधला भाग काळा टणक पाषाण, त्याला उभ्या भेगा. थराचा वरचा भाग मात्र भोकाभोकांचा, मऊ, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. आणि दोन थरांच्या मधी बऱ्याच ठिकाणी हा लाल पट्टा, गेरू. म्हणजे एक थर थंड होऊन त्याच्यावर पुढचा थर येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा भाग झिजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली.

आता पाऊस पडला की पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली उतरतं, पण गेरू चिकणमातीसारखा, तिथं ते अडतं आणि आडवं चालायला लागतं. जिथं डोंगराच्या अंगाला तो पट्टा उघडा पडतो तिथं झरा. आपल्या डोंगरातली निम्मी देवळं आणि कुंडं अशाच झऱ्यांवर आहेत, बीडकडच्या कपिलधारला जाऊन बघा.

तुमच्या एजंटनं काय केलं, तर हा पट्टा जो आत झाकलेला होता तो उघडा पाडला. उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक. पावसाळ्यात फुगतो, भुसभुशीत होतो, गळून पडतो. मग त्याच्यावर बसलेला पाषाण अधांतरी. "पक्का दगड आहे" हे एजंट खोटं बोलला नाही, वरचा दगड पक्काच आहे. तो पक्का दगडच तुमच्या आउट-हाऊसवर येणार.

गुत्तेदार_आहे_गुन्हेगार_नाही
मास्तर सगळं मान्य, पण असं लिहिलं की सगळे गुत्तेदार डाकू वाटायलेत. माझ्याकडं दोन हायवा आणि एक जेसीबी आहे, हप्ते भरून भरून कंबर मोडली. तुमच्या घराच्या जोत्यात भरती कशाची घातली? मुरूम. तुमच्या रस्त्याखाली काय? मुरूम. घरकुलवाल्याला काय पाहिजे? मुरूम. तो काय आकाशातून पडतो का, डोंगरातनंच येतो ना. शहरवाल्याला घर पाहिजे, रस्ता पाहिजे आणि वरून डोंगर पण हिरवागार पाहिजे.

आणि डोंगर कापणं काय आजचं आहे का हो, देवगिरीचा किल्ला बघा, यादवांनी अख्खा डोंगर तासून उभा कडा केला, आठशे वर्षं झाली, एक दगड पडला का?

भूगोल_मास्तर
देवगिरीचं उदाहरण दिलं ते बरं केलं, कारण मला वाटतच होतं की कुणीतरी देणार 🙂

यादवांनी तासला तो सलग काळा पाषाण, आणि छिन्नी-हातोड्यानं. सुरुंगानं आणि पोकलेनच्या ब्रेकरनं जी हादऱ्याची भेग आत जाते ती छिन्नीनं जात नाही. शिवाय त्यांनी कड्याच्या खाली काय ठेवलं? खंदक. कुणाचा टू बीएचके नाही. वेरूळला पण कारागिरांनी खडक पारखून घेतला होता, आणि तरी पावसाळ्यात लेण्यांत पाणी झिरपतंच.

मुरमाचं म्हणाल तर मुरूम काढायला माझा विरोध नाही. सपाट माळावर रीतसर खदान घ्या, खोल जा, काम झालं की त्याचं तळं करा. डोंगराचा पायथाच का कोरता? कारण तिथं हायवा थेट तोंडाशी लागतो, वरनं माल आपोआप घसरून खाली येतो, डिझेल वाचतं. बरोबर का चूक ते तुम्हीच सांगा.

गुत्तेदार_आहे_गुन्हेगार_नाही
डिझेलचं बरोबर आहे. 😐

अंबाजोगाईची_सुलू
मी बहुतेक वेळा नुसती वाचते, पण हे वाचून राहवलं नाही.

पाटील दादा, आमचं घर उतारावर आहे. सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट, मागं टेकाड. तेव्हा थोडंसं कोरून जागा सपाट केली आणि दगड-सिमेंटची भिंत घातली. बावीस वर्षं काही झालं नाही. मग मागच्या वरच्या प्लॉटवर एकाचं घर झालं, त्यांनी शोषखड्डा केला तो नेमका आमच्या भिंतीच्या वरच्या अंगाला. दोन पावसाळ्यात आमच्या भिंतीला पोट आलं. पोट म्हंजे खरंच पोट, मधून फुगलेली. स्वयंपाकघराचं दार लागंना झालं, आम्ही सुताराला बोलावून दार तासून घेतलं! दोनदा तासलं, मग एका ओळखीच्या इंजिनिअर भावजींनी बघून सांगितलं की वहिनी दार नाही फुगलं, चौकट वाकडी झालीय, कारण जमीनच सरकायलीय.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती कायमची लक्षात राहिली, की भिंत मातीच्या भारानं नाही पडत, पाण्याच्या भारानं पडते. आमच्या भिंतीला पाणी बाहेर यायला एकही भोक ठेवलेलं नव्हतं. गवंड्याला सासऱ्यांनीच सांगितलेलं म्हणे की भोकं नको, विंचू-साप येतात. मग ड्रिल मारून खाली पाईप टाकले, वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवलं, वरच्या शेजाऱ्यांशी भांडण होऊन त्यांचा खड्डा हलवला (आता बोलत नाहीत, संक्रांतीला तिळगूळ पण नाही). खर्च विचारू नका.

तुमच्या प्लॉटवर तर तीन टप्पे आहेत, म्हणजे वरच्या टप्प्यांवरच्या घरांचं सांडपाणी खालच्यावर येणार. ते लोकं कसे वागतील ते तुमच्या हातात नाही.

हजरजबाबी_जालनेकर
सुलूताई, दोनदा दार तासलं हे भारी 😂 सॉरी. पण आमच्याकडं पण हेच करतील.

बरड_जमीन_७_१२
सगळ्यांचं वाचलं. आता माझं पण ऐका, मी दुसऱ्या बाजूचा आहे. मी डोंगर विकलाय.

माझी साडेचार एकर, गट निम्मा डोंगरावर निम्मा पायथ्याला. वर नुसती कुसळी, तरवड, चार-दोन सीताफळं. बाप म्हणायचा ही जमीन म्हंजे पोटाला चिमटा आणि नावाला जमीनदार. बँक कर्ज देत नाही, विमा बसत नाही, पोरीला स्थळ आलं तर पोराचे वडील सातबारा बघून म्हणले पोटखराबच (पिकाला न येणारी जमीन) जास्ती आहे. मग एकजण आला, म्हणला डोंगराचं काय करता, मला द्या. मुरमाचे पैसे वेगळे, जमिनीचे वेगळे. दिले. पोरीचं लग्न झालं, कर्ज फिटलं.

आता तुम्ही शहरात बसून म्हणायलेत डोंगर वाचवा. वाचवा ना. पण चाळीस वर्ष आम्ही वाचवलाच होता की, तेव्हा कुणी चहा पण पाजला नाही. काहून आम्हीच वाचवायचा?

एक मात्र खरं सांगतो, ते पण लपवत नाही. डोंगर कोरल्यावर दुसऱ्या वर्षापासून पायथ्याची माझी विहीर जानेवारीतच तळाला गेली. आधी एप्रिलपर्यंत यायची, ज्वारीला एक पाणी जास्त मिळायचं. आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यानं येऊन अर्धा एकर मुरमानं झाकून टाकलं, काळी माती गेली खाली. तो घेणारा म्हणतो तुझी विहीर आटली त्याचा माझा काय संबंध.

भूगोल_मास्तर
बरड भाऊ, तुमचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडं त्याचं उत्तर नाही. पण विहिरीचा संबंध शंभर टक्के आहे. तुमची विहीर डोंगराच्या भरवशावर होती.

आपण मराठवाड्यातले लोक दरड म्हटलं की कोकण-सह्याद्री समजतो. ३० जुलै २०१४ ला माळीण, १५१ माणसं. जुलै २०२१ ला तळीये, जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. आपण टीव्हीवर बघून हळहळतो आणि चॅनेल बदलतो, कारण तिथं हजारो मिलिमीटर पाऊस, आपल्याकडं वर्षाचा सहाशे-सातशे. आपल्याकडं दरड अगदीच पडत नाही असं नाही, ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नडच्या औट्रम घाटात दरडी येऊन रस्ता बंद झाला होता आणि त्याच पावसात खाली चाळीसगावात पूर. पण रोजचं नुकसान दरडीचं नाहीच. डोंगर ही आपली टाकी आहे. चारच महिने पाऊस, तो पण बेभरवशाचा. उताराच्या भेगांत आणि गवताच्या मुळाशी जे मुरलं तेच आपण पुढं आठ महिने पितो. मलिक अंबरनं १७ व्या शतकात नहर-ए-अंबरी केली तेव्हा याच डोंगरांच्या पोटातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. पाणचक्की पण डोंगरातल्या पाण्यावरच. त्या माणसाला डोंगर कळला होता.

उतार कापला की पाणी मुरायला थांबत नाही. तासाभरात ओढ्यात, ओढ्यातून तुमच्या अर्ध्या एकरावर. विहीर पण गेली आणि काळी पण गेली, तीच ती गोष्ट दोन टोकांनी.

धाराशिवचा_वारा
आमच्या भूम-वाशी भागात आणि तिकडं पाटोदा-केजला बालाघाटावर पवनचक्क्या झाल्या. वीज चांगली, माझा पवनचक्कीला विरोध नाही. पण एक पातं वर न्यायचं म्हंजे एवढा लांब ट्रेलर, त्याला वळायला रुंद रस्ता लागतो, तो रस्ता डोंगराच्या अंगावरून कापत नेतात आणि निघालेला मलबा खालच्या अंगाला ढकलून देतात. ढकललेला मलबा म्हंजे सुट्टा माल, त्याला धरून ठेवायला काहीच नाही. पहिल्या वर्षी गटार बुजलं, दुसऱ्या वर्षी पाण्यानं रस्त्याच्या कडेनं घळ पाडली, माणूस उभा राहील एवढी. २०२५ च्या सप्टेंबरातला पाऊस आठवतोय ना, आमच्याकडं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. नदीकाठचा पूर दिसला टीव्हीवर, डोंगरावरच्या घळी कुणी दाखवल्या नाहीत.

विकासपुरुष_०७
हे सगळं त्या पक्षाच्या लोकांचं पाप आहे, त्यांच्या काळात

संपादक_मंडळ
वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. राजकारणाला वेगळा धागा आहे, तिथं जा.

निवृत्त_आरेखक
नगररचनेत नकाशे काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून कागदाचं तेवढं सांगतो. भूगोलाचं मास्तरांनी सांगितलंच आहे.

१:५ हा आकडा पाठ करा. पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ. त्याच्याइतका किंवा त्याहून तीव्र उतार असेल तिथं बांधकामाला आणि डोंगर कापून सपाट करायला परवानगी नाही, राज्याची जी एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० ला आली तिच्यात हे धरलेलं आहे. अंशात सांगायचं तर साधारण ११ अंश. ऐकायला कमी वाटतं, पण चढून बघा, दम लागतो.

पाटील, तुम्ही तीन कागद मागा. पहिला झोन दाखला आणि भाग नकाशा, त्यात गट कोणत्या झोनमधी आहे ते कळतं. दुसरा मंजूर लेआऊट, शिक्क्याचा, रंगीत पँप्लेट नव्हे. त्याच्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाखवल्यात का बघा. आमच्या काळात एक हुशारी मी खूप बघितली, मोजणी आधी न करता डोंगर आधी कापायचा आणि मग सपाट झालेल्या जागेची पातळी घेऊन नकाशा सादर करायचा. म्हंजे कागदावर उतार नव्हताच! तिसरा महारेरा नंबर (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा), ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगलासुद्धा तो लागतो. एजंट जर म्हणला की बाँडवर करून देतो, नंतर गुंठेवारीत (मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा कायदा) नियमित होईल, तर तिथूनच माघारी फिरा. २०२१ च्या दुरुस्तीनं गुंठेवारीची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली होती, त्याच्या नंतर पाडलेल्या प्लॉटला ती लागू नाही. आणि तीव्र उतार कागदानं नियमित झाला तरी जागेवर तो सपाट होत नाही.

जुना नकाशा पाहिजे असंल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट घ्या, ५० हजार प्रमाणाची. तिच्यावर २० मीटरनं समोच्च रेषा असतात. दोन रेषांमधलं अंतर दोन मिलिमीटर किंवा कमी भरलं की समजा १:५ च्या पलीकडं. कापायच्या आधीचा डोंगर तिच्यात जसाच्या तसा आहे, तो कुणाला पोकलेन लावून खोडता येत नाही.

मुरमाचं वेगळं. विनापरवाना गौण खनिज काढलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तहसीलला अर्ज करताना "डोंगर कापायलेत" असं नुसतं लिहू नका, गट नंबर, लांबी-रुंदी-खोली टाका. १०० घनफूट म्हंजे एक ब्रास, हिशोब तुम्हीच करून द्या. आकडा लिहिलेला अर्ज बाजूला सारायला जरा जड जातो. जरा. जास्त अपेक्षा ठेवू नका.

माळावरचा_पाटील
बापरे, एवढं मिळंल असं वाटलं नव्हतं. आरेखक काका, पण जागेवर उतार मोजायचा कसा? मोबाईलमधलं ॲप कधी १२ दाखवतं कधी १९.

निवृत्त_आरेखक
ॲप सोडा. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, टेप घ्या, दोन काठ्या. टेप आडवा धरायचा, जमिनीला टेकवून नाही. पाच मीटरवर किती चढ आला ते नळीतल्या पाण्यावरून काठीवर खूण करून मोजा. दहा ठिकाणी मोजा. आणि कापलेल्या जागेत मोजू नका, शेजारचा न कापलेला डोंगर मोजा.

सीताफळ_बीडचं
बरड भाऊंच्या प्रश्नाला मास्तर उत्तर नाही म्हणले, मी अर्धंमुर्धं देतो. आमच्या बीडच्या सीताफळाला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते कुठं येतं तर असल्याच बालाघाटाच्या बरड उतारावर. आम्ही सात-आठ जणांनी मिळून उतारावरची झाडं राखली, चराई थोडी बंद केली, गवत कापून नेऊ दिलं. गर काढून विकतो. श्रीमंत नाही झालो, पण विकायची वेळ आली नाही. वर माथ्यापासून खाली पायथ्यापर्यंत काम करत यायचं, जालन्याच्या कडवंचीनं हेच केलं, आधी डोंगर-उतार बांधले, मग शेततळी, मग द्राक्षं. लोकं तिथली द्राक्षं बघायला जातात, वरचे चर कुणी बघत नाही.

एक सावध करतो, चर हे समपातळीतच पाहिजेत. आमच्या शेजारच्या गावात जेसीबीवाल्यानं नजरेनं खोदले, पाणी सगळं एका टोकाला गोळा झालं आणि तिथून फुटलं, चर नव्हते तेच बरं होतं. आणि अगदी तीव्र उतारावर चर पण नको, तिथं नुसता झाडोरा आणि गवत राहू द्यायचं. वणवा लावणाऱ्याला तेवढं आवरा.

बरड_जमीन_७_१२
सात-आठ जण एका बांधावर येणं हेच अवघड आहे भाऊ. आमच्याकडं दोन सख्खे भाऊ येत नाहीत. पण गराचं सांगा, इनबॉक्स करतो.

गुत्तेदार_आहे_गुन्हेगार_नाही
मी पण एक कबूल करतो. मागल्या वर्षी एका पायथ्याला काम करताना वरनं गोटा आला, आमच्या पोकलेनच्या केबिनला घासून गेला. ऑपरेटर पोरगं बावीस वर्षांचं, चार दिवस कामावर आलं नाही. मालक म्हणला देव पावला, काम चालू ठेव. तेव्हापासून पायथ्याचं गुत्तं घेत नाही. डिझेल जास्त जातं, जाऊ द्या.

माळावरचा_पाटील
अपडेट देतो, उशीर झाला.

रविवारी पोराला घेऊन गेलो, नळी-टेप-काठ्या. शेजारच्या न कापलेल्या अंगाला दहा ठिकाणी मोजलं. सगळ्यात कमी आलं ते पाच मीटरला १ मीटर १० सेंटिमीटर, सगळ्यात जास्त १ मीटर ४०. म्हणजे एकाही ठिकाणी नियमात बसत नाही. पोरगं नववीत आहे, त्यानं वहीत लिहून गुणोत्तर काढून दाखवलं, १:४.५ ते १:३.६. लेआऊट मागितला तर एजंटनं पँप्लेटच परत व्हाट्सॲपला टाकलं, त्यात ती कापलेली भिंत हिरव्या रंगात, "गार्डन" लिहिलेलं. रेरा नंबर विचारल्यावर म्हणला प्रोसेसमधी आहे.

इसार परत मागितला. २५ हजार देतो म्हणलाय, बाकीचे विसरा. विसरलो नाही, पण धरून पण बसत नाही. तहसीलला अर्ज दिला, मापं टाकून, पोच घेतली. साडूभाऊ आठ दिवस झाले फोन उचलत नाहीत, त्यांचे पैसे पूर्ण गेलेत, त्यांना वाटतं मी अर्ज करून त्यांचाच प्लॉट पाडायलोय. बायको म्हणती दिवाळीला तुम्हीच जाऊन बोला.

पुढच्या रविवारी परत जाणार आहे, डोंगराची दुसरी बाजू मोजायला, तिकडं पण चुन्यानं रेघा मारलेल्या दिसल्या. कुणाला यायचं असंल तर या, एक काठी धरायला माणूस कमी पडतो.

बरड_जमीन_७_१२
पाटील, वर्णनावरून मला तर तो आमचाच शेजारचा डोंगर वाटायलाय. असला तर माझ्या उरलेल्या तुकड्यावरूनच सुरू करा, वर जायला पायवाट तिथूनच आहे. चहा माझ्याकडं. पण मोजून झालं की माझ्या विहिरीत पण एकदा वाकून बघा, आणि ते पाचपट दंडाचे पैसे जमा झाले तर कुणाच्या खात्यात जातात ते आरेखक काकांना विचारून या.

निवृत्त_आरेखक
सरकारच्या. येतो मी पण, गुडघा दुखतो, खालची काठी धरीन.